सनदी म्हणजे कोण? एका आडनावामागील विस्मृत चाकरीचा शोध

आपल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या सीमाभागातील माणसाला पहिल्या तीन-चार पिढ्यांपर्यंत फारशी अडचण येत नाही. घरातील वडीलधारी माणसे नावे सांगतात, शाळेचे दाखले असतात, जमिनीचे उतारे असतात. त्यामागे गेले की एखाद्या जीर्ण कागदावर पूर्वजाच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला आढळतो आणि शोध तेथे अडतो. तो शब्द त्या माणसाचा व्यवसाय सांगतो, हे उघड असते. परंतु तो व्यवसायच जगातून नाहीसा झालेला असतो आणि शब्दाचा अर्थ सांगणारे कोणी उरलेले नसते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या टापूत हा अनुभव विशेष तीव्र आहे. येथील पूर्वजांच्या चाकऱ्यांची नावे मराठी, कानडी आणि फारसी अशा तीन भाषांतून घडली आहेत. ती मोडी, कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा चार लिप्यांतून लिहिली गेली आहेत, आणि त्यांचे कागद आज दोन राज्यांच्या दप्तरांत विखुरले आहेत.

या लेखात आम्ही अशाच एका शब्दाचा विचार करणार आहोत. तो शब्द म्हणजे 'सनदी'. बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांत हे आडनाव मराठी घरांत आहे, तसे कन्नड घरांतही आहे. हिंदूंत आहे, तसे मुसलमानांतही आहे. 'तुमचे पूर्वज काय करीत होते?' असे या घरांत विचारले, तर क्वचितच कोणी खात्रीने उत्तर देतो.

ऐकू येणारा अर्थ आणि खरा अर्थ

मूळ शब्दाकडे वळण्यापूर्वी या भागातील दोन आडनावांचे उदाहरण घ्यावे लागेल, कारण चुकीची वाट कोठे फुटते हे त्यावरून स्पष्ट होते.

'तळवार' हे आडनाव मराठी कानाला तलवारीची आठवण करून देते. आपले पूर्वज खड्गधारी योद्धे असावेत, अशी समजूत त्यावरून सहज होते. वस्तुतः कन्नडमध्ये 'तळवार' म्हणजे गावाची राखण करणारा चाकर. शब्द फार जुना आहे. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथील प्राकृत शिलालेखांत 'महातलवर' ही मोठ्या अधिकाऱ्याची पदवी येते. एके काळी राजदरबारातील मानकऱ्याला मिळणारी ही पदवी कालांतराने गावच्या वेशीवरील राखणदारापर्यंत उतरली. तलवारीशी तिचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा आहे.

'वालीकार' या आडनावाचेही तसेच. मराठी माणूस त्यात 'वाली', म्हणजे कैवारी, शोधतो. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे ताडपत्र, आणि त्यावरून पत्र किंवा हुकूम. तो हुकूम पोचविणारा तो 'ओलेकार'. 'वालीकार' हे त्याच शब्दाचे बोलीतील रूप दिसते. सरकारी कामासाठी निरोप घेऊन गावोगाव फिरणारा शिपाई, असा त्याचा अर्थ आहे.

सीमाभागात एका भाषेच्या आधाराने पूर्वजाचा व्यवसाय उलगडत नाही, हा यातून मिळणारा पहिला धडा आहे. एकाच हुद्द्याला येथे दोन नावे होती. मराठी मुलखात जो देशमुख, तोच कानडी मुलखात नाडगौडा. येथे कुलकर्णी, तेथे शानभोग. येथे सुतार, तेथे बडिगेर. येथे लोहार, तेथे कम्मार. येथे बलुतेदार, तेथे आयगार. कारभार एकाच घडणीचा होता, त्याला हाक मारणाऱ्या भाषा दोन होत्या.

'सनदी'चे दोन अर्थ

आता मूळ शब्दाकडे येऊ. रोमन लिपीत लिहिलेले हे आडनाव दोन निरनिराळ्या शब्दांचे असू शकते, कारण त्या लिपीत 'न' आणि 'ना' यांतील भेद राहत नाही.

पहिला शब्द 'सनदी'. अरबीतून फारसीत आणि तेथून मराठीत आलेला 'सनद' म्हणजे राजाने किंवा सरकारने दिलेला अधिकाराचा कागद. ज्याच्याजवळ तो कागद आहे, तो सनदी.

दुसरा शब्द 'सनादी'. कन्नडमध्ये, विशेषतः उत्तर कर्नाटकात, सनईला 'सनादी' म्हणतात. १९७७ साली आलेला 'सनादी अप्पण्णा' हा डॉ. राजकुमार यांचा कन्नड चित्रपट सनईवादकाच्या जीवनावर आहे आणि त्यातील सनई उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची आहे. हा चित्रपट पाहिलेल्या पिढीला 'सनादी' म्हटले की सनईच आठवणे स्वाभाविक होय. म्हणून एखाद्या घरात 'आमचे पणजोबा देवळात सनई वाजवीत' अशी आठवण असेल, तर ती खोटी ठरविण्याचे कारण नाही. मात्र सनईची एकही आठवण नसताना केवळ नावावरून पूर्वजाच्या हाती सनई देणे योग्य नव्हे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. रोमन लिपीने घातलेला हा गोंधळ देवनागरीने सुटतो, तसा कन्नड लिपीनेही सुटतो. 'सनदि' आणि 'सनादि' ही रूपे कन्नडमध्ये स्पष्टपणे वेगळी लिहिली जातात. त्यामुळे आजोबांच्या वेळचा कन्नड उतारा हातात असेल, तर 'न' च्या पुढे दीर्घ स्वराची खूण आहे की नाही, एवढे पाहिले तरी अर्धे कोडे सुटते. कन्नड लिपी ओळखता येणे हे आपल्या इतिहाससंशोधनाचे एक साधन आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते विनासायास उपलब्ध आहे.

शेतसनदी: जमिनीवर पोसलेला शिपाई

सनदी या आडनावाचा सर्वाधिक संभवनीय उगम 'शेतसनदी' या हुद्द्यात आहे. हा सामासिक शब्दच मोठा बोलका आहे. 'शेत' हा संस्कृत 'क्षेत्र'पासून आलेला मराठी शब्द, 'सनद' अरबी-फारसी, आणि या जोडशब्दाचा वावर मुख्यतः मराठी-कानडी सरहद्दीवर, म्हणजे इंग्रज ज्याला 'दक्षिण मराठा प्रदेश' म्हणत त्या बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कोल्हापूरच्या भागात.

शेतसनदीला रोख पगार नसे. त्याऐवजी त्याला सनदेने शेत दिलेले असे. ते शेत त्याने आणि त्याच्या कुटुंबाने कसावे, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारची किंवा देसायाची चाकरी करावी, असा हा करार होता. चाकरी शिपाईगिरीची. युद्धप्रसंगी आपले हत्यार घेऊन हजर व्हावे, गढीत किंवा किल्ल्यात पहारा द्यावा. शांततेच्या काळात गावची राखण करावी, चोरांचा माग काढावा, साऱ्याची रक्कम सुरक्षित पोचवावी आणि हुकूम व निरोप न्यावेत. बाप गेला की चाकरी आणि शेत दोन्ही मुलाकडे जाई.

शिवकालापासून परिचित असलेल्या लष्करी हुद्द्यांशी तुलना केली, तर त्याचे स्थान स्पष्ट होते. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शेतसनदी सामान्यतः पायदळी शिपाई होता आणि त्याची मुळे गावातील मातीत होती. तो पूर्ण सैनिक नव्हता आणि पूर्ण शेतकरीही नव्हता. म्हणूनच आजच्या 'शेतकरी', 'पोलीस', 'सैनिक' या कप्प्यांत त्याला बसविता येत नाही, आणि म्हणूनच तो विस्मृतीत गेला.

अशी व्यवस्था केवळ आपल्याकडेच होती असे नाही. स्वीडनमध्ये १६८२ पासून प्रत्येक शिपायाला काही शेतवाड्यांच्या गटाने लहानसे घर आणि जमिनीचा तुकडा देऊन पोसावे, अशी पद्धत रूढ झाली आणि ती १९०१ पर्यंत चालली. तेथे शिपायाला पलटणीत वेगळे नाव मिळे. त्याचा अर्थ 'शूर', 'चपळ' किंवा 'तलवार' असा काहीतरी असे. पुढे तीच नावे कित्येक घराण्यांची आडनावे झाली, आणि आज तेथील वंशजही त्या नावांवरून आपल्या पूर्वजाच्या चाकरीचा माग काढतात. फरक एवढाच की तेथे पलटणींच्या नोंदवह्या एका देशाच्या दप्तरात एका भाषेत आहेत.

एक सर्वज्ञात शेतसनदी

हा हुद्दा नेमका काय होता, हे एका प्रसिद्ध माणसाच्या चरित्रावरून अधिक चांगले कळते. तो माणूस म्हणजे बैलहोंगल तालुक्यातील संगोळ्ळीचे रायण्णा. कर्नाटकात त्यांना क्रांतिवीर म्हणून पूजिले जाते. ते कुरुब, म्हणजे धनगर समाजाचे होते आणि कित्तूर संस्थानच्या चाकरीत शेतसनदी होते.

१८२४ च्या ऑक्टोबरात धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरवर चालून गेला आणि मारला गेला. डिसेंबरात इंग्रजांनी अधिक फौज आणून कित्तूर घेतले. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत पडल्या आणि १८२९ मध्ये तेथेच निवर्तल्या. संस्थान गेले, त्याबरोबर संस्थानने दिलेल्या सनदांचा आधारही गेला. रायण्णांच्या जमिनीचा काही भाग सरकारजमा झाला आणि उरलेल्या भागावर जबर सारा बसला, असे त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितले जाते. १८२९-३० मध्ये त्यांनी बंड केले. सरकारी कचेऱ्या जाळणे आणि त्यांतील कागदपत्रांचा नाश करणे हा त्या बंडाचा एक ठळक भाग होता. शेवटी विश्वासघाताने ते पकडले गेले आणि जानेवारी १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्यांना फाशी देण्यात आले.

'शेतसनदी' या शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल, तर या बंडातील कागद जाळण्याचा प्रकार निव्वळ जाळपोळ वाटतो. अर्थ कळला की त्यामागील तर्क दिसू लागतो. ज्याचे शेत, चाकरी आणि गावातील मान हे सर्व एका कागदावर उभे होते, आणि ज्याचा तो कागद दुसऱ्या कागदाने रद्द केला, त्याचा रोष कागदांवरच निघाला.

हीच गोष्ट निपाणीपासून फार दूर नसलेल्या सामानगडावर १८४४ साली पुन्हा घडली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन छत्रपती होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती होता. किल्ल्यांवरील गडकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनी चालत आल्या होत्या, त्यांची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविण्यात आली. गडकऱ्यांनी सामानगडाचे दरवाजे बंद केले. बंड भुदरगड, पन्हाळा आणि सावंतवाडीपर्यंत पसरले. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा पडला. गडकरी आणि शेतसनदी हे हुद्दे वेगळे, परंतु नाते एकाच जातीचे: जमिनीच्या बदल्यात पहारा. संगोळ्ळीचा धनगर आणि सामानगडचा गडकरी यांची मातृभाषा एक नव्हती. त्यांची तक्रार मात्र शब्दशः एकच होती.

अलीकडच्या काळात बेळगाव परिसरात छत्रपती शिवाजी महाराज आणि संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्यांवरून तणाव निर्माण झाला. २०२० साली पिरनवाडीत वाद झाला, डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात महाराजांच्या आणि बेळगावात रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. आपल्या भाषेच्या हक्काविषयी आमची भूमिका वाचकांना ठाऊक आहे आणि तीत बदल नाही. परंतु रायण्णांच्या हुद्द्याचे नाव 'शेत' या मराठी शब्दाने सुरू होते, आणि कितीतरी मराठी घरांनी त्याच हुद्द्यावरून आडनाव घेतले, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या तरुणांना माहीत असणे आम्हाला आवश्यक वाटते. पूर्वजांची चाकरी समजून घेतली, तर परका म्हणून ज्याच्याकडे पाहतो तो आपल्या पणजोबांचा सहकारी निघण्याची शक्यता असते.

चाकरी कशी संपली

बंडे मोडली तरी शेतसनदी लगेच नाहीसा झाला नाही. इंग्रजांनी त्याच्यातील सैनिक काढून घेतला आणि गावचा चाकर शिल्लक ठेवला. १८३६ मध्ये बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. १८४० नंतरच्या दशकात दक्षिण मराठा प्रदेशात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर रूप आले. ज्यांच्याजवळ सनद होती, त्यांनी ती पुढे केली; ज्यांची हरवली होती, त्यांना आपला हक्क अन्य पुराव्याने शाबीत करावा लागला. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत चाकऱ्यांचे नियम बांधून दिले. नियमित पोलीस खाते उभे राहिले, तसे शेतसनदीचे काम पाटलाच्या हाताखालील निरोप्या आणि राखणदाराचे राहिले.

शेवट आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तो दोन तुकड्यांत आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. द्वैभाषिक मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली. म्हैसूर राज्याने गावकीची वंशपरंपरागत पदे १९६१ च्या आपल्या कायद्याने रद्द केली. म्हणजे कागलकडील घराची चाकरी एका राज्याच्या कायद्याने संपली आणि त्याला लागून असलेल्या निपाणीकडील भाऊबंदांची दुसऱ्या राज्याच्या कायद्याने. जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण त्यांवर हस्तांतराच्या अटी राहिल्या. आजही अशी जमीन विकताना किंवा वाटणी करताना 'ही मूळची सनदी जमीन' असा शेरा निघतो आणि घरातील माणसे चकित होतात. पूर्वजांच्या व्यवसायाचा प्रश्न येथे केवळ जिज्ञासेचा राहत नाही, तो घराच्या मालकीचा होतो.

शोध कसा घ्यावा

ज्या वाचकांच्या घरी हे किंवा यासारखे कोडे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही सूचना.

पहिली गोष्ट, नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधावे आणि ते कोणत्या लिपीत आहे ते पाहावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये अंतरही नसते, त्यामुळे 'शेतसनदी' हा शब्द मागच्या-पुढच्या नावात मिसळून जातो. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला तो शब्द आधी सांगून ठेवला, तर तो लवकर सापडतो.

दुसरी, शब्दाबरोबर जमीन आहे काय ते पाहावे. शेतसनदीच्या नावाशी जमीन जोडलेली असलीच पाहिजे. जुने फेरफार, इनामांची पत्रके, वतनाच्या नोंदी यांत चाकरीचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात सातबारा आणि कर्नाटकात पहाणी यांवरील आजचे शेरेही उपयोगी पडतात. जमीन देवस्थानाची असेल आणि घरात चौघड्याची किंवा वाजंत्रीची आठवण असेल, तर सनईचा पक्ष बळकट होतो.

तिसरी, शब्दकोश दोन्ही भाषांचे पाहावेत. मराठीसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि कन्नडसाठी किट्टेलचा १८९४ चा कोश हे दोन्ही अशा वेळचे आहेत, जेव्हा या चाकऱ्या जिवंत होत्या. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअरही जवळ ठेवावे.

चौथी, कागद कोणत्या राजवटीचा हे आधी ठरवावे. बेळगावला चिकटून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. आसपास कोल्हापूर, जमखंडी, कुरुंदवाड यांचे मुलूख पसरलेले होते. निपाणी आधी देसाई निंबाळकरांची, नंतर इंग्रजांची. त्यामुळे बेळगावच्या कचेरीत न मिळालेला कागद कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात असू शकतो.

पाचवी, व्यवसायावरून जात ठरवू नये. शेतसनदी अनेक जातींचे होते. नाव चाकरीचे आहे, कुळाचे नव्हे.

आपल्या मागणीशी या विषयाचा संबंध येतो तो येथेच. सीमाभागातील मराठी माणूस जमिनीचा उतारा आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागतो, तेव्हा त्यात हट्ट आहे असे म्हटले जाते. ज्यांच्या पूर्वजांचे सारे आयुष्य एका सनदेवर अवलंबून होते, त्यांच्या वंशजांना त्या सनदेचा आजचा अवतार वाचता यावा, एवढेच हे मागणे आहे. आमच्या मते त्याची दुसरी बाजूही आपण पाळली पाहिजे. आपल्या मुलांना कन्नड लिपी यावी, आणि शक्य असेल तेथे मोडीही यावी. कारण घरातील ट्रंकेत ठेवलेले कागद या दोन्ही लिप्यांवाचून मुके आहेत.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. घरातील जुन्या कागदांवर पूर्वजाच्या नावापुढे जो शब्द असेल, तो जसा लिहिला आहे तसा उतरवून ठेवावा. गाव, साल आणि कागदाचा प्रकार त्याखाली लिहावा. आणि ऐंशीच्या पुढील कोणी वडीलधारे हयात असतील, तर त्यांच्याकडून त्या शब्दाचा उच्चार करवून ऐकावा. 'सनदी' आणि 'सनादी' यांतील भेद त्यांच्या तोंडी अजून शाबूत असेल.